नऊ वर्षं तुम्ही आमच्या घरी जेवला नाहीत

आई,

परवा डभोईला तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते आणि तुमच्याविषयी बोलत होते. नानाकाका म्हणाले, वहिनींसारखी रीत पाळणारी बाई आता सापडायची नाही, नऊ वर्षं लेकीच्या घरच्या अन्नाला शिवल्या नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. पाणी घेत होत्या, एवढी दुरुस्ती मी तिथल्या तिथे केली. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. जी खरी दुरुस्ती करायला हवी होती ती मात्र मी केली नाही.

मुक्ता माझ्या शेजारीच बसली होती. तुमची एकुलती नात, वीस वर्षांची. ती हळूच म्हणाली, "आजी मला कधी कळलीच नाही, बाबा. माझ्या हातची पहिली पोळीसुद्धा तिने खाल्ली नाही. असली कसली रीत?" तुमच्या लेकीने, वृंदाने, माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं.

तुम्ही रीत पाळत नव्हतात, हे तिघांनाच माहीत होतं. आता दोघांना आहे. तुमच्या नातीच्या मनात तुम्ही एक कर्मठ, कोरडी म्हातारी होऊन राहणार आणि मी शिस्तीचा, वेळेचा पक्का बाप म्हणून राहणार. हे मला पटत नव्हतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

मुळात ती रीत तुम्हीच मोडली होती. लग्न झालं त्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या फ्लॅटवर आलात. माझी आई संकोचून म्हणाली, विहीणबाई, तुमच्यात लग्न झालेल्या लेकीकडे जेवत नाहीत ने? तुम्ही म्हणालात, "आमरस असेल तर जेवतात." तीन वाट्या घेतल्यात. नंतर प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही डभोईहून सकाळच्या बसने यायचात, जेवायचात, पदार्थाला नावं ठेवायचात आणि साडेचारच्या बसने परत जायचात. फ्रीजवर मी लावलेलं वेळापत्रक चष्मा लावून वाचायचात. दूध, गॅस, मुक्ताचा अभ्यास, कपडे, झोप. एकदा विचारलंत, "माधवराव, हसायची वेळ कुठली ठेवलीय? त्या वेळेला येत जाईन." मीसुद्धा हसलो होतो. त्या कागदातलं एखादं कलम चुकलं की आमच्या घरात काय होतं, ते तुम्हाला माहीत नव्हतं.

मग तो रविवार आला. मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची होती आणि त्या दिवशी मैत्रिणीकडे गेली होती. तुम्ही आणि मी जेवायला बसलो होतो, वृंदा वाढत होती. तिने माझ्या पानात वरण वाढलं आणि ती एक पाऊल मागे सरकली. मग पोळी वाढली आणि पुन्हा एक पाऊल मागे. मला त्यात काहीच दिसलं नाही, ती रोज तशीच वाढायची. तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही तिच्या पायांकडे पाहिलंत, मग माझ्या हाताकडे. घास पानात ठेवलात, उठून हात धुतलेत आणि म्हणालात, "वृंदा, माझं पान झाकून ठेवू नकोस. मी जेवणार नाही." तिने काय झालं म्हणून विचारलं नाही. आता आठवलं की तेच जास्त लागतं. तिने काहीच विचारलं नाही.

तुम्ही तिला घेऊन आतल्या खोलीत गेलात. दार पाऊण तास बंद होतं. बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा नेहमीसारखा होता. चला, मला डेपोवर सोडा, म्हणालात.

मी तुम्हाला स्कूटरवरून नेलं. डेपोवर उतरलात, पदर सारखा केलात आणि विचारलंत, "किती वेळा?"

मी कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासतो. काटा बरोबर दाखवतो की नाही, हे सांगणं हेच माझं काम. तुम्ही प्रश्न विचारलात आणि मला, खरं सांगतो, जरा सुटल्यासारखं वाटलं, कारण उत्तर माझ्यापाशी होतं आणि ते लहान होतं. मी म्हणालो, दोनदा. तेरा वर्षांत दोनदाच. एकदा तिने न विचारता माझी कागदांची पेटी आवरली होती आणि एक दाखला सापडत नव्हता. दुसऱ्यांदा करजणला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून एक तास दहा मिनिटं उशिरा आली आणि मी विचारल्यावर उलट बोलली. दोन्ही वेळा एकेक थप्पड. घराला काही शिस्त हवी, असंही मी म्हणालो. तुमच्यापुढे उभा राहून हे म्हणालो.

तुम्ही माझ्यावर आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "थपडा मोजल्यात. ती किती वेळा मागं सरली ते मोजलंत?" आणि बसमध्ये चढलात. चढताना निरोपाचं नेहमीचं आवजो म्हणाला नाहीत.

मी मोजलं. मला दुसरं काही येत नाही म्हणून मोजलं. त्या रविवारच्या रात्रीच्या जेवणापासून पुढच्या रविवारच्या रात्रीपर्यंत आम्ही घरी नऊ जेवणं जेवलो. वृंदाने माझ्या पानात एकतीस वेळा काही ना काही वाढलं. एकतीस वेळा ती मागे सरली. एकही अपवाद नाही. वाढताना ती डावीकडे असली तरी आणि उजवीकडे असली तरी. माझ्या कामात एखादं माप एकदा चुकलं तर आम्ही पुन्हा घेऊन पाहतो. दर वेळी तेवढंच चुकलं, तर दोष यंत्रात असतो. तिचं ते अंतर साधारण अडीच फूट होतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हात पोचत नाही, एवढं. ते तिने मोजून ठरवलं नव्हतं. तिच्या पायांना ते माहीत झालं होतं.

नवव्या जेवणानंतर मी वृंदाची माफी मागितली. वाईट मागितली. मी म्हणालो, आजपासून शून्य. ती भांडी घासता घासता म्हणाली, "शून्य हा तुमचा आकडा झाला. माझ्या अंगाला कळायला वेळ लागेल." किती वेळ, असं मी विचारणार होतो. नाही विचारलं. आयुष्यात आकडा विचारायचं टाळल्याचा तो माझा बहुधा पहिला प्रसंग.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही आलात तेव्हा पिशवीत स्टीलचा डबा होता. बाजरीची ढेबरी, दही आणि गोड लोणच्याची, गोळकेरीची, छोटी बाटली. आमच्याबरोबर टेबलावर बसून तुम्ही तो उघडलात. तेव्हा आमच्याकडे आलेली माझी आई म्हणाली, हे काय, आता म्हातारपणी सोवळं? तुम्ही म्हणालात, "देवानं बुद्धी दिली हो उशिरा." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. आईने ते सगळ्यांना सांगितलं आणि तेव्हापासून तुमची रीत नात्यात प्रसिद्ध झाली. तुम्ही ती अफवा राहू दिलीत. माझी अब्रू झाकलीत आणि त्याच वेळी दर महिन्याला माझ्यासमोर बसून तो डबा उघडत राहिलात. कुणाला न सांगता मला एकट्याला कळेल अशी शिक्षा तुम्ही शोधली होती.

शिक्षा म्हणतो, पण तुम्ही माझ्याशी वागण्यात कुठे कमी केलंत? आम्ही डभोईला आलो की माझ्या पानात सगळ्यात मऊ पोळी. नको नको म्हणेपर्यंत तूप. वाढदिवसाला सकाळी सातला फोन, कारण मी सातला चहा घेतो हे तुम्हाला पाठ होतं. स्वयंपाकघरातला तुमचा वजनकाटा बिघडला, तेव्हा डभोईत दुरुस्त करून मिळत असताना तुम्ही तो पिशवीत घालून बडोद्याला आणलात. म्हणालात, त्या लोकांवर माझा भरवसा नाही, तुमचा काटा खोटं सांगत नाही. मी तो दुरुस्त करताना तुम्ही शेजारी बसून स्वेटर विणत होतात. तो स्वेटर माझाच निघाला. हात दोन बोटं लांब होते. मी ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, दुमडा.

टेबलाची व्यवस्थाही मी बदलली होती. वृंदाने वाढत फिरायचं नाही, भांडी मधे ठेवायची, सगळ्यांनी एकदम बसायचं, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. मला वाटलं, प्रश्न सुटला. कुणी मागे सरायचा प्रसंगच येणार नाही. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, बरं केलंत, तिचे पाय तरी दुखायचे नाहीत. मग मी मीठ घ्यायला हात लांब केला आणि वृंदाचा खांदा तिच्या नकळत मागे गेला. तुमचा डबा तुम्ही झाकण लावून बंद केलात.

आपलं भांडण झालं ते शिस्तीवरून, आणि ते कधी संपलं नाही. मी म्हणायचो, हात उचलणं चूक, ते मान्य. पण घरात कुणीतरी नियम ठरवायला हवा आणि बाकीच्यांनी तो ऐकायला हवा, यात काय चुकलं? तुम्ही म्हणायचात, माधवराव, तुमची वेळ पाळण्याची सवय मला आवडते. मी त्या भरवशावर बस पकडते. पण तुम्ही स्वतः वेळ पाळता ती शिस्त. तिने पाळली नाही म्हणून तुमचं रक्त तापतं, त्याला दुसरं नाव आहे. मी विचारायचो, कुठलं? तुम्ही म्हणायचात, तुम्ही शिकलेले आहात, शोधा.

एकदाच तुम्ही वृंदाच्या वडिलांविषयी, अण्णांविषयी बोललात. अण्णा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांच्या शाळेतले विद्यार्थी अजून रस्त्यात तुमच्या पाया पडतात, हे मी कौतुकाने म्हणालो होतो. तुम्ही तुवरीच्या शेंगा सोलत होतात. म्हणालात, "शाळेतली छडी ते शाळेत ठेवून यायचे. घरी हात पुरायचा." थोडा वेळ शेंगा सोलल्यात. "वाईट नव्हते हो. मी आजारी पडले की पायाशी बसून राहायचे. म्हणून तर कुणाला सांगता आलं नाही. मला वाटायचं, मी गिळलं की माझ्यापाशी संपेल. पोरीपर्यंत जायचं नाही." मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "त्या दिवशी तिचे पाय बघितले. ते माझे पाय होते."

मी तुमच्या समोरच्या शेंगा सोलायला घेतल्या. तुम्ही म्हणालात, दाणे फुटतायत, हळू.

पाच वर्षांपूर्वी तुम्ही न्हाणीत घसरून मनगट मोडून घेतलंत. मी डभोईहून गाडीने तुम्हाला बडोद्याला आणलं, दवाखान्यात प्लास्टर करवलं. तुम्ही सकाळपासून उपाशी होतात. मी बाहेरच्या टपरीवरून चहा आणि खारी आणली. तुम्ही कप हातात घेऊन विचारलंत, "टपरीचा ने? तुमच्या घरचा नाही ने?" मी हो म्हणालो. तुम्ही हसून चहा प्यायलात. दुखत असताना हसलात. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, आई, हे सांगून टाकतो. चार वर्षं झाली होती, मी एकदाही हात उचलला नव्हता, तुम्हाला लहान पोरासारखं सांभाळून आणलं होतं, आणि तुम्ही टपरीची चौकशी करत होतात. मी बोललोसुद्धा, चार वर्षं शून्य आहे, आणखी काय हवं? तुम्ही खारीचा तुकडा चहात बुडवलात. म्हणालात, "माणसानं माणसाला मारलं नाही, याचं काय बक्षीस द्यायचं असतं का?"

मुक्ताची पोळी त्याच्या पुढच्या वर्षीची. सोळा वर्षांची होती ती. सकाळपासून पिठाशी झटत होती आणि तुम्ही आलात तेव्हा तिने एक पोळी, त्यातल्या त्यात गोल, तुमच्यापुढे ताटलीत ठेवली. तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ती वेळ माझी होती. मी एक वाक्य बोललो असतो, की आजी जेवत नाही ते माझ्यामुळे, तुझ्या पोळीत काही कमी नाही, तर तुम्ही ती पोळी खाल्ली असतीत असं मला आज वाटतं. मी भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी बोललो. तुम्ही मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, आज माझ्याकडे डबा आहे ग बाळा. ती ताटली घेऊन आत गेली. पुन्हा तिने तुम्हाला कधी काही खायला दिलं नाही.

गेल्या महिन्यातला रविवार शेवटचा ठरेल असं कुणाला वाटलं होतं? मी फ्रीजवरच्या कागदात बदल केला होता आणि वृंदा त्यावरून भांडत होती. माझ्या खुर्चीला खेटून उभी होती, हातात आमटीचा डाव, तो माझ्या नाकासमोर हलवत विचारत होती, की बुधवारी गॅसवाला येतो तेव्हा घरी कोण असतं, तुम्ही की मी? आमटीचे थेंब माझ्या सदऱ्यावर पडले. मी म्हणालो, डाग पडला. ती म्हणाली, पडू दे. तुम्ही हसायला लागलात, खोकला येईपर्यंत हसलात. ती माझ्या हाताच्या टप्प्यात उभी होती, हे मला तेव्हाही कळलं नाही. डेपोवर उतरताना तुम्ही म्हणालात, "पुढच्या महिन्यात डबा आणायचा की नाही, बघते." आणि नऊ वर्षांनी मला आवजो म्हणालात.

पुढचा महिना आला नाही. झोपेतच गेलात. "बघते" म्हणजे हो नव्हे, हे मला कळतं. मी ते हो म्हणून धरलेलं नाही.

काल दुपारी मी मुक्ताला समोर बसवलं. वृंदाला आधी विचारलं होतं, कारण ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. ती म्हणाली होती, सांगा, मी तिथेच असेन. ती दिवाणावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मुक्ताला म्हणालो, आजी कसली रीत पाळत नव्हती. मी तुझ्या आईवर हात उचलला होता. आजीला ते कळलं, त्या दिवसापासून ती आपल्याकडे जेवली नाही. तुझी पोळी तिने खाल्ली नाही, ती माझ्यामुळे. दोनदा उचलला होता. तो शब्द मी पुन्हा तसाच उच्चारला, दोनदा.

वृंदा घडी न थांबवता म्हणाली, "तीनदा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मुक्ता दोन वर्षांची होती. ताप होता तिला. मी तुमचा फोन उचलला नाही म्हणून तुम्ही आल्या आल्या माझा दंड धरून कपाटावर ढकललंत. महिनाभर हात वर होत नव्हता. तुम्ही त्याला मारणं म्हणत नाही, म्हणून मोजलं नाहीत."

मला ते आठवत होतं. विसरलो नव्हतो. थप्पड नव्हती म्हणून मी ते त्या यादीत धरलंच नव्हतं. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढत आलो. आणि वृंदाने पुढे सांगितलं, की त्या रविवारी दार लावून तुम्ही बोललात तेव्हा तिने तुम्हाला तिन्ही प्रसंग सांगितले होते. येतेस का माझ्याबरोबर, असं तुम्ही तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, आत्ता नाही, पण वाटलं तर येईन. त्यानंतर तुम्ही डभोईची मागची खोली रंगवून घेतलीत आणि तिथे दोन पलंग टाकलेत. एक मुलीचा, एक नातीचा. पाहुण्यांसाठी, असं आम्हाला सांगितलंत. नऊ वर्षं त्यावर दर महिन्याला चादर बदलत होतात.

म्हणजे स्कूटरवरून उतरून तुम्ही मला किती वेळा म्हणून विचारलंत, तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत होतं. मी चुकीचा आकडा दिला आणि तुम्ही तो ऐकून घेतलात. आई, तो आकडा तीन आहे. वृंदाची माफी मी काल पुन्हा मागितली, या वेळी काही मोजलं नाही. तुमची मागायची राहून गेली. ती मागतो.

मग मुक्ताने आईला विचारलं, "आजीला ती पोळी खावीशी वाटत होती का?" वृंदा म्हणाली, "बसमध्ये बसल्यावर तिने मला फोन केला होता. पोरीची पोळी फुगली होती ग, म्हणाली, आणि रडली."

परवा तेराव्याला मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. काल ती आईच्या मांडीत डोकं घालून तुमच्यासाठी रडली, आजी, आजी म्हणत. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी तिथून उठलो नाही, आणि तिला शांतही केलं नाही.